एचडी टीव्ही आणि पिवळी वायर

ईदच्या सुमारास आमच्या महागावात अनेक घरी नवा एचडी टीव्ही येतो. एचडी चॅनेलचे पैसेही भरले जातात. पण सेट टॉप बॉक्सला जुनीच पिवळी-लाल-पांढरी वायर राहते. चित्र धूसर दिसले की दोष टीव्हीला!

पिवळ्या पिनेतून जुन्या टीव्हीचे ५७६ ओळींचेच चित्र जाते, लाल-पांढरी आवाजाची. फुल एचडीला १०८० ओळी लागतात. त्यासाठी एचडीएमआय केबल हवी. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्या एकाच वायरीतून जातात. मात्र बॉक्सही एचडी हवा. केबल लावल्यावर रिमोटवर सोर्स बदलून 'एचडीएमआय' निवडावे.

दुकानदार सोनेरी पिनेची महाग केबल पुढे करतो. सोन्याच्या मुलाम्याने पीन गंजत नाही एवढेच. चित्र उजळत नाही. हा सिग्नल अंकांचा असतो. नीट पोहोचला तर चित्र पूर्ण दिसते, नाहीतर ठिपके पडतात किंवा पडदा काळा होतो. दीड-दोन मीटरची, 'हाय स्पीड' लिहिलेली साधी केबल फुल एचडीला पुरते. फोरकेसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' घ्यावी. लांब केबल भिंतीत बसवण्याआधी जोडून पाहावी.

मुले आता टीव्हीवरही धडे पाहतात. उर्दूत एका नुक्त्याने शब्द बदलतो, आणि धूसर पडद्यावर आधी नुक्ताच हरवतो. म्हणून योग्य केबलवर जरूर खर्च करावा. नुसत्या चमकेवर केलेला खर्च मात्र इसराफच.