पाणी मुरते कुठे?

'सगळेच खातात हो!' हे वाक्य कँटीनमध्ये, एस.टी.च्या रांगेत आपण रोज ऐकतो. माझी तक्रार या वाक्याविरुद्धच आहे. सगळेच खातात म्हटले की कोणी किती खाल्ले, हे विचारायचे कारणच उरत नाही. खाणाऱ्याला याहून सोयीचे ते काय?

मग भ्रष्टाचार मोजायचा कसा? 'ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल' ही संस्था १९९५ पासून देशांची क्रमवारी लावते. पण तिचा आधार तज्ज्ञांची आणि उद्योजकांची मते. मत म्हणजे माप नव्हे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने किती सापळे लावले, यावरूनही त्या विभागाची दक्षता कळते, लाचेचे प्रमाण कळत नाही. १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले, रुपयातले पंधराच पैसे लोकांपर्यंत पोचतात. कबुली प्रांजळ खरी. पण उरलेले पंच्याऐंशी पैसे नेमके कुठे अडले, हे तिच्यातून कळत नाही.

युगांडात हा शोध घेतला गेला. १९९६ साली तेथील २५० सरकारी प्राथमिक शाळांची पाहणी झाली. सरकारने दिलेले अनुदान आणि शाळेच्या वहीत जमा झालेले अनुदान ताडून पाहिले. १९९१ ते १९९५ या काळात, पगार वगळता, शाळांच्या खर्चासाठीच्या शंभर शिलिंगांपैकी सरासरी तेराच शाळेत पोचले होते! झारीतले शुक्राचार्य जिल्ह्याच्या कचेऱ्यांत बसले होते. पुढे सरकारने दरमहा पाठविलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापल्या, शाळांच्या भिंतींवर लावल्या. २००१ पर्यंत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेले. सारे श्रेय वर्तमानपत्रांना देता येणार नाही, इतर सुधारणाही झाल्या. पण आकडा गावापुढे आल्याने जाब विचारणे शक्य झाले, हे नाकारता येत नाही.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले. कागदावर मजुरी घेतलेली माणसे गावात भेटेनात! याच लढ्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याला बळ दिले.

तेव्हा मित्रांनो, माझे म्हणणे साधे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचा रस्ता झाडतो. या वर्षी त्याच रस्त्याचे अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागवू, टेप घेऊन त्याची लांबी-रुंदी मोजू आणि दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचू. व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.