झाकलेले पातेले

एका मित्राला भेटायला मी अधूनमधून वृद्धाश्रमात जातो. मागच्या खेपेला कुणीतरी नातवाच्या वाढदिवसाचा पुलाव तिथे पाठवला होता. दुपारची पंगत उठली आणि उरलेले मोठे पातेले ओट्यावर झाकून ठेवले गेले. संध्याकाळी सहाला निघालो, तेव्हाही ते तिथेच होते. "रात्री चांगला गरम करून वाढू. अन्न टाकायचं कसं, साहेब?" स्वयंपाक करणाऱ्या बाई म्हणाल्या.

बाईंचा हेतू चांगलाच होता. चूक होती ती समजुतीत. भात शिजला तरी बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू त्यात तग धरतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात. त्यांनी तयार केलेले एक विष तर पुन्हा गरम करूनही जात नाही. 5 ते 60 अंश सेल्सियस ही जंतूंची सुगीच, आणि खोल पातेले आतून फार हळू निवते. तरुण माणूस अशा दुखण्यातून एका दिवसात उठतो. ऐंशीच्या माणसाला मात्र थोड्याशा जुलाबांनीही शोष पडतो आणि ते जिवावर बेतू शकते.

बँकेत आम्ही तारीख नसलेला चेक वटवत नसू. दिवसाचा हिशेब जुळल्याखेरीज घरी जाता येत नसे. हीच शिस्त स्वयंपाकघराला का नसावी? उरलेले अन्न परातीत पसरून निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. डब्यावर तारीख-वेळेची चिठ्ठी हवी. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवावा. पारा 5 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. शिजलेले वरच्या कप्प्यात, कच्चे खाली. कोठीत आधी आलेले धान्य आधी वापरावे. या साऱ्याची रोज वहीत नोंद व्हावी. यात खर्च थोडा, सवयच मोठी.

2006 चा अन्न सुरक्षा कायदा नफा न कमावणाऱ्या संस्थांनाही लागू आहे. पण सरकारी निरीक्षक येणार कधीतरी. नातेवाईक येतात ते दर रविवारी. आपण खोली पाहतो, चादर पाहतो, औषधे विचारतो. स्वयंपाकघरात मात्र डोकावत नाही. आणि दान करायचेच, तर उरलेल्या पुलावापेक्षा कोरडे तांदूळ, डाळ का देऊ नये?

त्या संध्याकाळी भिडेपोटी मी गप्प बसलो. सुदैवाने कुणाला काही झाले नाही. पण ताटात पडेल ते निमूटपणे खाणाऱ्या, तक्रार केली तर जायचे कुठे या धास्तीत असलेल्या माणसांना दैवाच्या हवाली करून कसे चालेल? पुढच्या रविवारी मी आधी स्वयंपाकघरात जाणार आहे.