अंतर किलोमीटरांत, प्रवास तासांत

चाकणच्या मोटार कारखान्यांतील अभियंते कामानिमित्त जर्मनीला जात-येत असतात. फ्रँकफुर्ट किती दूर आहे, असे त्यांना विचारले तर बहुधा ते तासांत उत्तर देतील. आपण शाळेत मात्र अंतर किलोमीटरांत मोजून थांबतो. हे थांबणे चुकीचे आहे, असे मला वाटते.

प्रथम अंतर पाहू. १ मीटर परिघाच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते फ्रँकफुर्ट दोरा ताणून धरा. तो सुमारे १६.४ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर धरला, तर हे अंतर सुमारे ६,५७० किलोमीटर होते. जेट विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे सव्वासात तास पुरायला हवेत. प्रत्यक्षात जाताना साडेआठ-नऊ तास लागतात. असे का? चढण्या-उतरण्यात वेळ जातो. काही देशांवरील आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो. शिवाय दहा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात. जाताना ते आडवे येतात, परतताना साथ देतात. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असे मात्र समजू नका. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

आता घराच्या उंबऱ्यापासून मोजू. २००८ साली लोहगावहून फ्रँकफुर्टला लहान विमानाची सेवा सुरू झाली होती. पुढे ती बंद पडली. त्यामुळे चाकणकराला बहुधा मुंबईच गाठावी लागते. तळेगावमार्गे रस्ता सुमारे १४० किलोमीटरांचा. त्याला चार तास, विमानतळावर तीन तास आणि विमानात नऊ तास धरू. एकूण १६ तास झाले. सरासरी वेग निघाला ताशी सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे विमानाच्या वेगाच्या निम्म्याहून कमी!

विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर जेमतेम पाऊण तास वाचेल. तेवढ्यासाठी इंधन मात्र खूप अधिक जळेल, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे काँकॉर्ड १९७६ साली प्रवासी वाहतुकीत आले आणि २००३ साली निवृत्त झाले. उलट, रस्त्यावरचे चार तास तीनवर आणले, तर पूर्ण तास वाचतो. तो आकाशात नव्हे, जमिनीवर वाचतो.

चाकणजवळ, खेड तालुक्यात विमानतळ करण्याचा विचार बरीच वर्षे चालला होता. २०१६ साली त्याऐवजी पुरंदर तालुक्याची निवड झाली. चाकण पुण्याच्या उत्तरेला, तर पुरंदर दक्षिणेकडे. तेव्हा त्या विमानतळाचा चाकणला किती उपयोग होईल, हे धावपट्टीइतकेच मधल्या रस्त्यावरही ठरेल.

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. कपाटातील पृथ्वीगोल बाहेर काढा, मुलांच्या हाती दोरा द्या आणि शेजारी घड्याळ ठेवा. विमानतळ कोठे असावा, याची चर्चा उद्या हीच मुले करणार आहेत. त्यांनी ती नकाशावरच्या रेघेवरून नव्हे, उंबऱ्यापासूनच्या तासांवरून करावी.