विश्लेषण : ‘उकंडा’, ‘नकुशी’ यांना चर्चने हाक कशी मारावी?

बाप्तिस्मा असो, लग्नाची जाहीर सूचना असो की आजाऱ्यासाठी प्रार्थना, चर्चमध्ये माणसाचे नाव सर्वांसमोर मोठ्याने घेतले जाते. ते नाव उकंडा, कचराबाई किंवा नकुशी असेल तर मागच्या बाकांवर खसखस पिकते. ज्याचे नाव आहे, त्याची मान खाली जाते. बल्लारपूर हे केंद्र असलेल्या चांदा धर्मप्रांतापासून लहान प्रार्थनागृहांपर्यंत, चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रत्येक मंडळीने यावर विचार करायला हवा. शाळेची हजेरी आणि दवाखान्याची रांग यांनाही तो लागू आहे.

अशी नावे का ठेवली जातात?

आधीची मुले दगावली की पुढच्याला दगडू, धोंडू, कचरू म्हणायचे. विदर्भात उकंडा, म्हणजे उकिरडा. टाकाऊ नावाच्या मुलाला दृष्ट लागत नाही, मृत्यूही त्याच्याकडे वळत नाही, हा समज. समज चुकीचा असला तरी त्यामागची भीती खरी होती. ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली, त्याआधी १९९३-९५ मध्ये तिथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ पहिल्या महिन्यातच जात होती. तीन वर्षांत हा आकडा २५च्या आसपास आला. म्हणजे उकंडा या नावामागे अनेकदा न जगलेली भावंडे असतात.

नकुशीचे कारण वेगळे : मुलगा हवा असताना झालेली मुलगी. तिसरे कारण जातीचे. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असे मनुस्मृतीच सांगते.

साताऱ्याने काय केले?

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात २८५ ‘नकुशीं’ना समारंभपूर्वक नवी नावे मिळाली. अनेकींनी आपले नाव स्वतः निवडले. त्या समारंभातून घ्यायचा धडा हाच : नाव बदलायचे की नाही, आणि बदलून काय ठेवायचे, हे जिचे नाव तिने ठरवावे.

चर्चचा नियम काय सांगतो?

रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३च्या लॅटिन कायदासंहितेतील ८५५वे कलम म्हणते, ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरूंनी घ्यावी. पण हा नियम ठेवायच्या नावाबद्दल आहे, दारात आलेल्या माणसाला नाकारण्याबद्दल नाही. धर्मांतरासोबत नाव टाकावेच लागते, असेही नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक अखेरपर्यंत नारायण वामनच राहिले.

मग करायचे काय?

पहिले, नावाबद्दल एकांतात विचारा : ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ उत्तर मिळेल त्याच नावाने वेदीवरून पुकारा. नोंदवहीत कागदोपत्री नाव राहू द्या. ते मोठ्याने वाचलेच पाहिजे असे नाही.

दुसरे, परस्पर ‘बारसे’ करू नका. आजोबांचे नाव म्हणून कुणाला उकंडा प्रियही असेल. माडिया ही द्रविड कुळातील भाषा. गोटा, पोटावी ही आडनावे मराठी कानाला गमतीची वाटली तरी त्यांचा अर्थ मराठीत शोधू नये. तिथे सुधारायचा तो ऐकणाऱ्याचा कान.

तिसरे, बदल हवा असेल तर हात द्या. सज्ञान व्यक्तीला शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो. मुलांसाठी पालक अर्ज करतात. मग आधार, बँक, शिधापत्रिका. शाळेच्या दाखल्यातील बदल मूल शिकत असतानाच करून घेतलेला बरा. अहेरी-भामरागडच्या गावातल्या माणसाला फॉर्म भरून देणारा एक तरुण मिळाला, तरी निम्मे काम होते.

आणि हसणाऱ्यांना? त्यांना धर्मगुरूंनी, शिक्षकांनी तिथेच थांबवावे. उकंडाचे नाव त्याने निवडलेले नव्हते. आपण हसायचे की नाही, हे मात्र आपणच निवडतो.