सही करण्याआधी

वाळूज असो, चिकलठाणा असो की शेंद्रा, आपल्या एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड काढायची तर किमान दोन संचालक लागतात. मग एक मालक आणि दुसरी त्याची बायको, नाहीतर सून. सीएकडून आलेले कागद ओट्यावर ठेवले जातात, ‘इथं सही कर’ म्हणतात, ती पिठाचा हात पुसून सही करते. संचालक मंडळापर्यंतचा तिचा प्रवास तिथंच सुरू होतो आणि तिथंच संपतो.

वहिनी, ही सही फुकटची नाही. कंपनीनं सलग 3 वर्षं सरकारकडं हिशेब भरले नाहीत, तर संचालक 5 वर्षांसाठी अपात्र ठरतात. 2017 मध्ये असे 3 लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरले. ‘मी नुसती सही केली’ ही सबब तिथं चालत नाही.

मोठ्या कंपन्यांची गत फार वेगळी नव्हती. 2013 च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीला एक तरी महिला संचालक सक्तीची केली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मालकाच्या घरातलीच बाई बसवली गेली. अखेर सेबीनं मोठ्या 1000 कंपन्यांना 1 एप्रिल 2020 पासून स्वतंत्र, म्हणजे मालकाच्या नात्याबाहेरची, महिला संचालक नेमायला लावली.

पण खुर्ची घरातून मिळाली म्हणून कमी प्रतीची ठरत नाही. पुण्याच्या थरमॅक्समध्ये अनु आगा मनुष्यबळ विभाग पाहायच्या. 1996 मध्ये पती गेल्यावर त्या अध्यक्ष झाल्या. पुढं शेअर घसरला तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले आणि कंपनी सावरली.

तेव्हा एवढं करा. बैठकीची नोटीस किमान 7 दिवस आधी मागा. हिशेबाची वही पाहायचा संचालकाला कायद्यानं हक्क आहे, तो वापरा. ताळेबंद वाचायला शिका. मुलांच्या फीचा हिशेब बसवणाऱ्या बाईला तो जड नाही. घरची कंपनी नसेल तर पतसंस्थेची निवडणूक लढवा, सहकार कायद्यात संचालक मंडळावर महिलांसाठी 2 जागा राखीव आहेत.

आणि मालकहो, बैठक रात्री जेवणं उरकल्यावर ठेवू नका. दुपारी ठेवा, तिला बोलवा. पुढच्या वेळी कागद ओट्यावर आला, तर वहिनी, आधी तो वाचा. पेन नंतर.