तोंड उघड, बाळ!

दातांवाचून आपल्या मराठीचे पान हालत नाही. रागावलेला माणूस दातओठ खातो, भ्यालेल्याची दातखीळ बसते आणि निलाजरा नुसतेच दात काढतो. हे वाक्प्रचार एकाच जागी सोदाहरण पाहायचे असतील, तर व्याकरणाचे पुस्तक मिटावे आणि मुले आलेली असताना दंतवैद्याच्या दवाखान्यातील बाकावर तासभर बसावे.

एक चिरंजीव टुणकन खुर्चीवर चढतात आणि ‘खुर्ची वरखाली करून दाखवा’ असा डॉक्टरांनाच हुकूम सोडतात. दुसरे मूल आईच्या मांडीत तोंड खुपसून बसते. तिसरी कन्यका उंबरठ्यावरच भोकाड पसरते. चौथे मूल अगदी गप्प असते; मुठी मात्र घट्ट आवळलेल्या. बाकावरची मंडळी लगेच निकाल देऊन मोकळी होतात: पहिला धीट, दुसरे भित्रे, तिसरी लाडावलेली आणि चौथे गुणी.

हा निकाल घाईचा आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये मुलांची एक दीर्घ पाहणी सुरू केली. तान्हेपणापासून नोंदी ठेवता त्यांना असे दिसले, की शंभरांतील सुमारे चाळीस मुले नव्या गोष्टीशी सहज जुळवून घेतात, पंधरा हळूहळू रुळतात आणि दहा चटकन बिथरतात. उरलेल्यांत थोडे थोडे सगळेच असते. हा पिंड केवळ लाडाने वा धाकाने घडत नाही. पिंड चांगला की वाईट, हा प्रश्नही नव्हे. भोवतालच्या माणसांच्या अपेक्षांशी त्याचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आता हे दवाखान्यात लावून पाहा. मांडीत तोंड खुपसणाऱ्या मुलाला घाई सोसत नाही. त्याला पहिल्या दिवशी नुसते खुर्चीत बसू द्यावे, आरशाशी खेळू द्यावे आणि घरी आणावे. दुसऱ्या खेपेस ते आपण होऊन तोंड उघडण्याचा संभव पुष्कळ. भोकाड पसरणारीला दटावले, तर तिचा सूर चढतोच. तिच्या हाती थोडी सत्ता द्यावी. ‘दुखले तर डावा हात वर कर, मी लगेच थांबेन,’ असे डॉक्टरांनी सांगितले आणि शब्द पाळला, की काम पुष्कळसे सोपे होते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र युक्तिवाद नको, आईची मांडीच हवी.

सर्वांत सांभाळायचे ते चौथे, गुणी मूल. दंतवैद्यक शास्त्रात मुलांचे वागणे मोजण्याची फ्रँकल यांच्या नावाची चार पायऱ्यांची पट्टी १९६२ पासून प्रसिद्ध आहे. पण पट्टी वागणे मोजते, छातीतली धडधड नव्हे. न रडणारे मूल भीत नाही, असे समजून आपण त्याला धीराचा शब्दही देत नाही, आणि ते सारे मुकाट्याने गिळते.

पिंड आपल्या हाती नाही. शब्द मात्र आहेत. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेईन, ते सुई टोचतील,’ हा आपल्या घरांतला जुना बागुलबुवा. ज्याला आपणच राक्षस ठरवले, त्याच्यापुढे पोराने हसत तोंड उघडावे, ही अपेक्षा कशी करावी? ‘मुळीच दुखणार नाही’ हेही तितकेच घातक. मूल त्यातला ‘दुखणार’ एवढाच शब्द उचलते. आणि खरोखर दुखले, तर पुढे आपल्या शब्दाला किंमत उरत नाही. त्यापेक्षा १९५९ साली ॲडेल्स्टन यांनी मांडलेली रीत बरी: आधी सोप्या शब्दांत सांगा, मग दाखवा, मग करा. आणि आपली स्वतःची दाढ काढल्याची रसभरित कहाणी पोरांदेखत सांगू नये. भीती अनुभवाने जडते, तशी ती ऐकूनही जडते.

‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ म्हणून हे सारे सोडून देता येत नाही. वीस दुधाच्या दातांतील मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याही मागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पाडता गुपचूप उगवते, म्हणून पुष्कळ घरांत तीही दुधाचीच समजली जाते आणि किडते. दवाखान्याला भ्यालेले मूल मोठेपणीही तिकडे फिरकत नाही; गेलाच, तर ठणका असह्य झाल्यावर. मग उपचारही मोठा आणि दुखणेही मोठे, म्हणजे भीतीला नवे कारण!

तेव्हा करंज्या-अनारशांचे डबे रिकामे झाले, की एक करावे. काही दुखत नसताना मुलाला एकदा दंतवैद्याकडे घेऊन जावे, नुसते दात मोजून घ्यायला. जाताना त्याला ‘घाबरू नकोस’ असेही म्हणू नये. कदाचित घाबरण्याचे त्याला अजून सुचलेलेही नसेल.