तबकडीची दुसरी बाजू

बीटल्सच्या गाण्यांची प्रतवारी मी गेली कित्येक वर्षे एका जुन्या खतावणीच्या वहीत, पेन्सिलीने, पुनःपुन्हा खोडून आणि पुनःपुन्हा लिहून लावीत आलो आहे. आणि गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याने ती वही हाती घेऊन, ‘काका, “रेन” पहिलं आणि “यस्टर्डे” यादीतच नाही, हे कसं काय?’ असा जो सवाल केला, त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्याचा माझा प्रयत्न फसल्यामुळे आजचे हे सदर त्याच्या नावे खर्ची घालीत आहे.

ऑक्टोबर 1962 मध्ये ‘लव्ह मी डू’ निघाले आणि मे 1970 मध्ये ‘लेट इट बी’ हा शेवटचा संग्रह. म्हणजे पुरती आठ वर्षेही न भरलेल्या अवधीत लिव्हरपूलच्या चौघा तरुणांनी, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांनी, सुमारे दोनशे गाणी आपल्या मागे ठेवली. फेब्रुवारी 1963 मध्ये पहिल्या संग्रहाची दहा गाणी त्यांनी एका दिवसात मुद्रित केली, आणि त्या दिवसाच्या अखेरीस, सर्दीने घसा बसलेला असताना, लेननने ‘ट्विस्ट अँड शाउट’ अक्षरशः उरलेल्या आवाजावर गायले. पुढे चारच वर्षांत ‘सार्जंट पेपर’ या संग्रहासाठी हेच चौघे लंडनच्या ॲबी रोडवरील त्याच वास्तूत सुमारे पाच महिने ठाण मांडून बसले. ज्या गाण्यांच्या घडणीत इतके अंतर पडले, त्यांना एकाच तराजूत घालायचे तर वजने कोणती वापरायची, याचा निर्णय आधी करावा लागतो.

लोकप्रियता हे एक वजन आहे, आणि किती गायकांनी ते गाणे पुन्हा गायले हे दुसरे. या दोहोंच्या हिशेबी ‘यस्टर्डे’ला अव्वल मान द्यावाच लागेल. 14 जून 1965 या दिवशी मॅकार्टनीने दुपारी ‘आय ॲम डाउन’ हे गाणे घसा फोडून गायले आणि त्याच संध्याकाळी एकटी गिटार हाती घेऊन, तोच कंठ जणू दुसऱ्या कोणाचा असावा इतक्या मृदू स्वरात, ‘यस्टर्डे’ गायले. चार तंतुवाद्यांची साथ तीन दिवसांनी जोडण्यात आली. गाणे निर्दोष आहे, आणि ते ऐकताना माझे मन आजही हलते. परंतु त्या मुद्रणात लेनन नाही, हॅरिसन नाही, रिंगो नाही. ‘एलिनॉर रिग्बी’मध्ये तर आठ तंतुवाद्ये वाजतात आणि चौघांपैकी एकाचाही हात कोणत्याही वाद्याला लागलेला नाही. ही श्रेष्ठ गाणी आहेत. मात्र मला प्रतवारी लावायची आहे ती या मंडळाची. म्हणून मी माझ्यापुरता एक जाबता ठरविला आहे: चौघांपैकी कोणताही एक वजा केला असता गाण्याची किती पडझड होते, ते पाहावे, आणि जितकी पडझड अधिक तितका त्या गाण्याचा हुद्दा वरचा.

हा जाबता कल्पनेने रचलेला नाही. त्याचा दाखला त्यांच्याच दफ्तरात आहे. ऑगस्ट 1968 मध्ये रिंगो उद्विग्न होऊन सुमारे दोन आठवडे मंडळाबाहेर राहिला, आणि त्या मुदतीत ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’ व ‘डिअर प्रुडन्स’ या गाण्यांचे ड्रम मॅकार्टनीने वाजविले. ठेका कोठेही चुकलेला नाही. तथापि रिंगोच्या वादनात प्रत्येक ठोक्यापूर्वी जो एक सूक्ष्म, जणू श्वास घेतल्यासारखा विलंब असतो, आणि ज्याच्यामुळे त्याच्या मित्रांचे सूर निश्चिंतपणे मागे रेलून बसतात, तो तेथे नाही. तो नाही हे एकदा ध्यानी आले की पुढे कधीच विसरता येत नाही. याच्या उलट ‘बिकॉज’ घ्या. 1969 च्या त्या गाण्यात लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या तिघांनी एकत्र गायलेले सूर तीनदा मुद्रित करून नऊ कंठांचा मेळ साधला आहे, आणि ड्रमचा एकही ठोका आपल्याला ऐकू येत नाही. पण वाद्ये वाजविणाऱ्यांच्या कानांवरील हेडफोनांत रिंगो झांज वाजवून लय धरीत होता. ज्याचा आवाज तबकडीवर उरलेला नाही त्याच्याच आधाराने ते नऊ कंठ एकत्र उभे आहेत, आणि एवढ्यासाठी मी ‘बिकॉज’ला चौथी जागा दिली आहे.

दुसरे स्थान ‘अ डे इन द लाइफ’चे. एका इंग्रजी नियतकालिकाने 2010 मध्ये केलेल्या मोठ्या यादीत त्याला पहिला मान मिळाला होता, आणि त्या निर्णयाचा मी आदर करतो. लेननला वर्तमानपत्रातील बातम्यांवरून सुचलेला आरंभ आणि मॅकार्टनीजवळ पडून असलेला मधला तुकडा हे दोन्ही एकट्याने अपुरेच राहिले असते. त्यांच्यामधली चोवीस मात्राखंडांची जी रिकामी जागा त्यांनी आधी केवळ मोजून सोडून दिली होती, ती फेब्रुवारी 1967 मध्ये चाळीस वादकांना बोलावून, प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत शेजाऱ्याकडे लक्ष न देता चढत जावे, अशी तजवीज करून भरण्यात आली. पियानोंवर एकदम आघात करून धरलेला शेवटचा स्वरसमूह विरत जाताना ऐकणे हा तर स्वतंत्र अनुभव आहे. मग पहिले स्थान का नाही? तर हॅरिसनचा वाटा तेथे खुळखुळ्यासारख्या एका किरकोळ तालवाद्यापुरता आहे. तो वजा केला तर गाण्याचे फारसे बिघडत नाही. जाबता ठरविला की तो स्वतःच्या आवडीविरुद्धही पाळावा लागतो.

तिसरे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’. लेननच्या बालपणीच्या घराजवळ अनाथ मुलांचा एक आश्रम होता, त्याच्यावरून हे नाव. या गाण्याच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या मुद्रित झाल्या, एक संथ आणि दुसरी वाद्यवृंदासह द्रुत, दोहोंची पट्टीही भिन्न; आणि लेननने पहिलीचा आरंभ व दुसरीचा शेवट हवा असे सांगितल्यावर निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी फितींचा वेग कमीजास्त करून, एक मिनिटाच्या सुमारास, त्यांचा सांधा जुळविला. त्या गाण्यात हॅरिसनने छेडलेले स्वरमंडळ मराठी कानाला लगेच ओळखू येते, कारण मैफलीत गायकाच्या मांडीवरून झंकारणारा तो नाद आपल्या ओळखीचा आहे.

‘समथिंग’, ‘टुमारो नेव्हर नोज’, ‘इन माय लाइफ’ आणि ‘शी लव्ह्ज यू’ ही पुढची चार. ‘समथिंग’ हॅरिसनचे, परंतु मॅकार्टनीच्या बेस गिटारने त्याखालून जे दुसरे गाणे चालविले आहे ते काढून पाहावे, म्हणजे पडझड म्हणजे काय ते कळेल. नववी व दहावी जागा गेल्या दिवाळीपासून रिकामी आहे.

आता पहिल्या जागेविषयी. माझ्या लहानपणी मामांनी आमच्या घरी 45 फेऱ्यांची एक तबकडी आणली होती. तिच्या पहिल्या बाजूवर ‘पेपरबॅक रायटर’ होते, पण त्या बाजूवर खोल चरा पडल्याने सुई एकाच जागी अडकत असे, आणि म्हणून आम्ही मुले नाइलाजाने दुसरी बाजू लावीत असू. दुसऱ्या बाजूवर ‘रेन’ होते. हे प्रेम त्या चऱ्यातून सुरू झाले हे मी नाकारीत नाही; मात्र पन्नास वर्षांनंतरही जाबत्याच्या कसोटीवर ते पहिलेच उतरते, याला केवळ स्मृतीचे पक्षपाती प्रेम हे कारण पुरणार नाही.

14 एप्रिल 1966 रोजी त्यांनी ‘रेन’चा पाया द्रुत लयीत वाजविला आणि मग फितीचा वेग कमी करून तो ऐकला. गायकीच्या परिभाषेत सांगायचे तर द्रुतात वाजविलेले विलंबितात ऐकायचे. पण फितीचा वेग उतरला की लयीबरोबर स्वरही खाली येतो, ड्रमच्या कातड्याला वजन चढते, झांजेचा झणत्कार लांबत जातो, आणि पाण्याने भिजून जड झालेल्या कापडासारखा सारा नाद खाली ओढला जातो. उलटपक्षी लेननचा आवाज फीत संथ ठेवून मुद्रित केला, म्हणून तो प्रत्यक्षाहून किंचित उंच आणि धारदार वाटतो. पाया जड आणि कंठ हलका, अशा या विपरीत रचनेत मॅकार्टनीचा बेस आपली खालची जागा सोडून वरच्या सप्तकात गिटारीशी खेळायला जातो. हॅरिसनची गिटार आणि तिघांचे एकत्र गायन तंबोऱ्यासारखे एकाच स्वराच्या आसपास घोटाळत राहते. आणि रिंगो, ज्याने हे आपले सर्वांत आवडते वादन असल्याचे स्वतः सांगितले आहे, ओळ संपण्यापूर्वीच तुकडे सोडीत, ते वेळेवर आवरीत, सर्वांना समेवर आणतो. अखेरीस सगळे क्षणभर थांबतात, रिंगोचा एक तुटक तुकडा येतो, गाणे पुन्हा चालू होते, आणि लेननचा आवाज उलट्या फिरविलेल्या फितीवरून, कोणत्याच भाषेत नसलेल्या शब्दांत, ऐकू येतो. ती फीत उलटी लावण्याची कल्पना लेननची की मार्टिनची, यावर दोघांनीही पुढे आपापला दावा सांगितला. सारे तीन मिनिटांत आटोपते. या तीन मिनिटांतून कोणाही एकाला काढा, काहीही शिल्लक राहत नाही.

त्याच आठवड्यातील आणखी एक नोंद मला अस्वस्थ करते. ‘रेन’च्या तीनच दिवस आधी, 11 एप्रिलला, त्याच वास्तूत हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’चे मुद्रण सुरू झाले, आणि त्यात तबल्यावर होते अनिल भागवत. ‘रिव्हॉल्व्हर’ संग्रहाच्या आवरणावर त्यांचे नाव छापलेले आहे. ते आडनाव तेथे प्रथम वाचले तेव्हा मी आवरण कितीतरी वेळ खाली ठेवले नव्हते. परंतु त्या गाण्यात लेनन जवळजवळ नाहीच, मॅकार्टनीही नाही. माझ्याच जाबत्याने ते बाद होते. ‘द इनर लाइट’चीही तीच गत. जानेवारी 1968 मध्ये हॅरिसनने मुंबईला येऊन एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात त्याची वाद्ये मुद्रित केली. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, सरोद आशिष खानांचा. लाओ त्सूच्या ग्रंथाकडे हॅरिसनचे लक्ष वेधले ते केंब्रिजचे संस्कृत अध्यापक हुआन मास्कारो यांनी, आणि त्यातूनच हे गाणे आले. हॅरिसनने लंडनला परतून त्यावर आपला आवाज चढविला, आणि लेनन व मॅकार्टनी यांनी अगदी शेवटच्या ओळीपुरती साथ दिली. मार्च 1968 मध्ये ते निघाले तेही ‘लेडी मॅडोना’च्या मागे, तबकडीच्या दुसऱ्याच बाजूवर.

पुतण्याला मी हे सर्व सांगितले, मग ‘रेन’ दोनदा लावले. दुसऱ्या वेळी तो डोळे मिटून फक्त रिंगोला ऐकत होता. तो गेल्यावर वही मिटण्यापूर्वी मी पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने ‘द इनर लाइट’ असे लिहिले. त्याच्यापुढे क्रमांक घातला नाही.